गुटगुटीत पिल्लाचं गणित

कॉलेजच्या मासिकात कुत्र्याच्या पिल्लाच्या वजनावर लेख पाहून काहीजण हसतील, हे मला माहीत आहे. "सबमिशन संपलं नाही आणि ही निघाली कुत्र्याचं डाएट सांगायला!" हसा बिनधास्त. पण स्टाफ क्वार्टर्समधल्या एका सरांकडे जर्मन शेफर्डचं पिल्लू आलंय, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. संध्याकाळी ते फिरायला निघालं की हॉस्टेलच्या कट्ट्यावरून बिस्किटांचा वर्षाव सुरू होतो. एकजण पुडा फोडतो, दुसरा वडापावचा तुकडा टाकतो, तिसरा मेसमधून पोळी घेऊन येतो. पिल्लू शेपटी हलवतं, आपण खूश होतो. म्हणून हा लेख सरांइतकाच आपल्यासाठीही आहे. त्या पिल्लाचे पाय पुढची दहा-बारा वर्षं कसे चालतील, याचा थोडा हिस्सा आपल्या कट्ट्यावर ठरतोय.

आमचं गाव काट्याचं

माझं घर अंकुशनगरला, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. ऊस पट्ट्यातल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत: गोड खाणं आणि वजन करणं. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर आधी भरलेली गाडी उभी राहते, ऊस उतरवला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. भरलेली वजा रिकामी म्हणजे ऊस. या वजाबाकीवर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं, त्यामुळे ती लहान पोरालाही समजते.

गंमत अशी की जिथे उसाचा प्रत्येक किलो मोजला जातो, तिथे घरातलं पिल्लू काय खातं हे कुणीच मोजत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. नाव ब्रुनो. पाचव्या महिन्यात ते असं गुटगुटीत झालं की येणारा-जाणारा म्हणायचा, "काय बाळसं धरलंय राव!" काकांची छाती फुगायची. मग एके दिवशी ब्रुनो सकाळी उठताना मागचा पाय उचलून धरायला लागला, आणि दोन पायऱ्या चढायच्या म्हटलं की खालीच बसून राहायला लागला. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते, म्हणून काकांबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाय तपासायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "वजन किती?" कुणालाच माहीत नव्हतं.

तिथून माझं वाचन सुरू झालं. जे समजलं ते आपल्या भाषेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगते.

ओला स्लॅब

लॅब्रॅडॉरचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण ४०० ग्रॅमचं असतं. वर्षभरात ते ३० किलोच्या आसपास जातं, म्हणजे सुमारे ७५ पट. माणसाचं ३ किलोचं बाळ अठरा वर्षांनी ६० किलोचं झालं, तर ती वाढ २० पट. एवढा मोठा सांगाडा एवढ्या कमी वेळात उभा राहतो, म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला लहान जातीचे नियम लागू पडत नाहीत. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड हे सगळे या वर्गातले.

वाढत्या हाडाच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. हाड लांब होतं ते या पट्टीतून. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि हळूहळू त्यांचं पक्कं हाड बनतं. मोठ्या जातीत या पट्ट्या पूर्ण बंद व्हायला १२ ते १८ महिने लागतात, अगदी अवाढव्य जातींत त्याहूनही जास्त. तोपर्यंत हाडाचा हा भाग मऊ आणि नाजूक असतो. सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको. स्लॅब ओतला, पाणी मारणं चालू आहे, सेंट्रिंग अजून काढलेलं नाही; अशा वेळी त्यावर विटांचा ट्रक रिकामा करणार का? गुटगुटीत पिल्लाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

दुसरी गोष्ट आकाराची. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांच्या हाडांचा प्रश्न मांडला होता. लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली तर वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद फक्त चौपट. म्हणजे हाडावरचा ताण दुप्पट. त्यामुळे मोठ्या प्राण्याच्या सांगाड्याला मुळातच कमी मोकळीक असते. आपल्या भाषेत, फॅक्टर ऑफ सेफ्टी कमी. त्यात चरबीचे चार-पाच किलो वाढवले की पामेरियनला जे कदाचित चालून गेलं असतं, ते शेफर्डला चालत नाही.

सगळ्यात जास्त मार बसतो तो खुब्याला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. पिल्लाच्या पहिल्या काही महिन्यांत हा गोळा आणि ही वाटी एकमेकांच्या दाबाने आकार घेत असतात. सांधा सैल असेल आणि वरून वजन जास्त असेल, तर गोळा वाटीत नीट न बसता कडेला सरकतो, वाटी उथळ राहते आणि पुढे तिथे संधिवात होतो. याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. हा दोष बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, हे खरं. पण आई-बापाकडून आलेला दोष किती डोकं वर काढेल, यात वजनाचा मोठा वाटा असतो. जीन्स आपल्या हातात नाहीत, वाटी आपल्या हातात आहे. इथे वाटी म्हणजे जेवणाची!

जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी

"बाई, हे सगळं पुस्तकी" असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगते. अमेरिकेत प्युरिना या पशुखाद्य कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं घेतली. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, म्हणजे २४ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एका पिल्लाला त्याच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. खाणं तेच, फक्त कमी. आणि हा प्रयोग वर्ष-दोन वर्षं चालला नाही, तर कुत्र्यांच्या आयुष्यभर चालला. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान ११.२ वर्षं निघालं, कमी खाणाऱ्या गटाचं १३ वर्षं. जवळजवळ दोन वर्षांचा फरक. दोन वर्षांच्या वयात खुब्याचे एक्स-रे काढले, तेव्हाही कमी खाणाऱ्या गटात हिप डिस्प्लेशिया बराच कमी आढळला होता. पुढे संधिवातासाठी औषध सुरू करायची वेळही त्यांच्यावर सुमारे तीन वर्षं उशिरा आली.

त्याआधी, १९७४ साली, कॉर्नेल विद्यापीठातून ग्रेट डेन पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हवं तेवढं खायला मिळालेल्या पिल्लांत हाडांचे विकार जास्त दिसले, आवरतं खाणाऱ्यांत कमी.

इथे एक गैरसमज दूर करते. "कमी खाल्लं तर उंची खुंटेल" ही भीती सगळ्यांना असते. कुत्रा शेवटी किती उंच होणार, हे मुख्यतः त्याच्या जीन्समध्ये लिहिलेलं असतं. सकस आहार थोडा आवरून दिला, तर पिल्लू तिथेच पोचतं, फक्त जरा सावकाश. भरपूर खायला घालून आपण त्याला मोठं करत नाही, घाईने मोठं करतो. आणि ओल्या हाडाला घाई सोसत नाही.

वजन कसं करायचं? काट्यासारखंच

पिल्लू काही तागडीत बसत नाही. मग अंकुशनगरची पद्धत वापरायची. घरातल्या साध्या वजनयंत्रावर पिल्लाला उचलून उभं राहायचं. आकडा लिहायचा. पिल्लाला खाली ठेवायचं, पुन्हा एकटं उभं राहायचं. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी! ब्रुनोच्या वेळी माझा आकडा ८०.२ आला, रिकामा ५७.८. म्हणजे ब्रुनो २२.४ किलो. डॉक्टरांच्या अंदाजाने या वयाला त्याचं वजन १८ च्या जवळपास हवं होतं. (माझं वजन छापल्याबद्दल संपादक मंडळाने पार्टी द्यावी.)

दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी, खाण्याआधी वजन करायचं आणि आलेखावर ठिपका द्यायचा. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो ना, तसाच. पिल्लांसाठीही असे तक्ते आहेत. वॉल्थम या संस्थेच्या संशोधकांनी हजारो पिल्लांची वजनं अभ्यासून २०१७ च्या सुमारास ते तयार केले. अंगणवाडीतल्या ताई बहुतेक वेळा रेषा खाली जात नाही ना हे बघतात. मोठ्या जातीच्या पिल्लात आपण ती वरच्या पट्ट्यांत उड्या मारत नाही ना, हेही तितक्याच काळजीने बघायचं. ठिपके आपल्या रेषेला धरून चालले की समजायचं, गाडी रुळावर आहे.

डोळ्यांवर विश्वास नको, हाताने बघा

नुसता आकडा पुरेसा नाही, कारण प्रत्येक पिल्लाचा सांगाडा वेगळा. म्हणून शरीराचा अंदाज हाताने घ्यायचा. जनावरांचे डॉक्टर यासाठी १ ते ९ अशी मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे पिंप. वाढत्या मोठ्या पिल्लाला ४ ते ५ च्या मध्ये ठेवायचं.

यासाठी यंत्र लागत नाही. आपला स्वतःचा हात पुरतो. एक हात सपाट धरा, तळवा खाली. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या मागच्या बाजूवरून, बोटांच्या हाडांवरून फिरवा. हाडं सहज लागतात, वर पातळ आवरण आहे. पिल्लाच्या बरगड्या हाताला अशाच लागल्या पाहिजेत. आता हात उलटा करून तळव्यावर बोटं फिरवा. हाडं शोधावी लागतात. बरगड्या अशा लागल्या तर पिल्लू जाड आहे. आता मूठ आवळून गाठींवरून हात फिरवा. बरगड्या अशा टोचल्या तर पिल्लू रोड आहे.

शिवाय दोन नजरा टाका. वरून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने पाहिलं तर पोट छातीपासून मागे वर चढत गेलेलं दिसलं पाहिजे. पिल्लू वरून पिंपासारखं सरळ दिसत असेल, तर कौतुक थांबवा आणि वाटी बघा. दाट केसाच्या पिल्लाला डोळे फसतात, म्हणून हात महत्त्वाचा.

पण एक अपवाद आहे. बरगड्या दिसतात आणि पोट मात्र ढोलासारखं फुगलंय, असं असेल तर ते जंतांचं लक्षण असू शकतं. तिथे खाणं कमी-जास्त न करता आधी जंताचं औषध विचारायचं.

आपल्या दख्खनच्या पठारावरचा कारवानी कुत्रा पाहिलाय कुणी? लांब पाय, खोल छाती, पोट पाठीला टेकल्यासारखं. त्याच्या शेवटच्या बरगड्या दिसल्या तरी तो निरोगी असतो, ती त्याची ठेवणच आहे. सशामागे धावणाऱ्या त्या कुत्र्याला धनगर कधी "बाळसं धरू दे" म्हणत नाही. शेफर्डला कारवानी करायचं नाही, पण तेवढी नजर मात्र उसनी घ्यायला हरकत नाही.

खाण्याचा जमाखर्च

आता मुख्य हिशोब. प्राण्याला स्वस्थ बसूनही लागणारी ऊर्जा काढायचं एक सूत्र आहे: वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७०. उत्तर किलोकॅलरीत. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या साधारण तिप्पट ऊर्जा लागते, त्यानंतर साधारण दुप्पट. कॅल्क्युलेटर काढा.

चार महिन्यांच्या आतलं १० किलोचं पिल्लू: ७० गुणिले ५.६२, म्हणजे ३९४. त्याची तिप्पट सुमारे १,१८०.
चार महिने ओलांडलेलं १५ किलोचं पिल्लू: ७० गुणिले ७.६२, म्हणजे ५३४. त्याची दुप्पट सुमारे १,०७०.

पाहिलंत? पिल्लू दीडपट झालं आणि गरज वाढायच्या ऐवजी थोडी घटली. प्रत्यक्षात ही घट एका दिवसात होत नाही, हळूहळू होते, आणि प्रत्येक पिल्लू सूत्राच्या थोडं वर-खाली असतंच. पण घरोघरी घोळ होतो तो इथेच. पिल्लू डोळ्यांदेखत मोठं होत असतं, म्हणून आपण वाटीही मोठी करत जातो.

ब्रुनोचा हिशोब मी दोन दिवस वहीत टिपला. १८ किलोच्या हिशोबाने त्याची गरज साधारण १,२२० किलोकॅलरी. आणि जमा होत होतं ते असं:

पाकिटातलं कोरडं खाणं ३०० ग्रॅम: सुमारे १,०८०.
म्हशीचं दूध ३०० मिलिलिटर: सुमारे ३००.
ज्वारीच्या दोन भाकरी: सुमारे ४००.
येता-जाता बारा ग्लुकोज बिस्किटं: सुमारे २६०.
एकूण: २,०४०.

गरजेच्या दीडपटीहून जास्त! आणि घरातल्या कुणालाही विचारा, "आम्ही तर थोडंसंच देतो." कुणी खोटं बोलत नव्हतं. काका पाकिटातलं घालत, काकू दूध देत, आजी भाकरी कुस्करून देत आणि पोरं बिस्किटं. चौघांचं थोडं-थोडं एकाच पोटात जमा होत होतं. जॉइंट अकाउंट, पण पासबुक कुणाकडेच नाही.

हॉस्टेलची गोष्ट यापुढची. आमच्या कॉलनीत देणारे चार हात होते, इथे दोनशे आहेत. सरांनी घरी कितीही मोजून घातलं, तरी कट्ट्यावरची नोंद त्यांच्या वहीत नसते.

"पण ते किती आशेने बघतं!"

बघणारच. लॅब्रॅडॉर तर खास. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये 'पॉम्क' नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे खाण्यावरची त्यांची वासना जास्त राहते, आणि अशा बिघडलेल्या जीनच्या प्रत्येक प्रतीमागे वजन सरासरी दोनेक किलो जास्त भरतं. याच गटाने २०२४ साली आणखी एक गोष्ट दाखवली: अशी कुत्री स्वस्थ असताना ऊर्जाही कमी जाळतात. भूक जास्त आणि खर्च कमी. तेव्हा आशाळभूत डोळे हा भुकेचा पुरावा धरता येत नाही. सेन्सरच बिघडलेला असेल तर रीडिंगवर विश्वास ठेवून कसं चालेल? अशा वेळी हाताने बरगड्या बघायच्या आणि वहीतला आकडा बघायचा.

कॅल्शियमची बाटली खाली ठेवा

मोठं पिल्लू म्हटलं की "हाडं मजबूत व्हायला" कॅल्शियमचं औषध घालायचा सल्ला फुकट मिळतो. तयार संपूर्ण आहारावर असलेल्या पिल्लाला हा सल्ला घातक आहे. मोठा कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच नाकारू शकतो. पहिल्या काही महिन्यांतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही, दिलेल्यातलं बरंचसं शरीरात शिरतं आणि हाडाची वाढ बिघडते. अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेच्या मानकांत म्हणूनच मोठ्या जातींसाठी वेगळी मर्यादा आहे. मोठेपणी ३२ किलोंच्या आसपास किंवा त्यापुढे जाणाऱ्या पिल्लांच्या खाण्यात, कोरड्या वजनावर, कॅल्शियम १.८ टक्क्यांच्या वर नसावं. इतर कुत्र्यांसाठी ही मर्यादा २.५ टक्के आहे. पाकिटावर 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं असतं ते यासाठी, निव्वळ जाहिरात म्हणून नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पिल्लाला नुसती दूध-भाकरी, नुसता भात किंवा नुसतं मटण देत राहिलं, तर कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बिघडतं आणि हाडं ठिसूळ होतात. घरचंच खाणं द्यायचं असेल तर जरूर द्या, पण प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अंदाजपंचे नको.

आणि प्रोटीनची भीती घालवा. ग्रेट डेन पिल्लांवर केलेल्या १९९१ सालच्या प्रयोगात प्रोटीन कमी-जास्त केल्याने हाडांचे विकार वाढलेले दिसले नाहीत. दोष एकूण ऊर्जेचा आणि कॅल्शियमचा. त्यामुळे अंडं वाईट नाही. हिशोबाबाहेरचं अंडं वाईट.

पळवून वजन उतरवू नका

काहींना वाटतं, खाऊ दे भरपूर, मोटारसायकलमागे पळवू. नको! ओल्या स्लॅबवर ट्रकही आणि रोड रोलरही? नॉर्वेमध्ये मोठ्या जातीच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत हिप डिस्प्लेशियाचा धोका जास्त दिसला, आणि मोकळ्या मऊ जमिनीवर स्वतःच्या मर्जीने बागडणाऱ्यांत कमी. म्हणजे मैदानात मोकळं खेळू द्या, दमलं की बसू द्या. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात, तिथे जुनं पोतं किंवा सतरंजी टाका. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी फिरायला काढूच नका. जाड पिल्लाला उष्माघाताचा धोका जास्त असतो.

आजींचं मापटं

ब्रुनोचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. डॉक्टरांनी औषध आणि विश्रांती दिली, खाणं एकदम न तोडता दहा दिवसांत हळूहळू कमी करायला सांगितलं. वजन घटवायचं नव्हतं. ते जागेवर रोखायचं आणि सांगाड्याला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं, असा बेत होता.

सगळ्यात मोठी अडचण आली आजींची. मी वही उघडून हिशोब सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "मुक्या लेकराला मोजून घालायचं व्हय गं? पाप लागंल." यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं. आजींच्या लहानपणी माणसांना मोजून मिळायचं, त्याची आठवण त्या बोलण्यात होती. भरलेलं ताट हेच त्यांच्या लेखी प्रेम. मी वाद घातला नाही. त्यांचा हात धरून आधी माझ्या हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवला, मग तळव्यावरून, आणि मग ब्रुनोच्या बरगड्यांवरून. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गायीलाबी गाभण असताना लई सरकी घालत न्हाईत. बसंती." दुसऱ्या दिवशी त्यांनीच माळ्यावरून जुनं पितळी मापटं काढलं. डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसाचं खाणं तोलून घेतलं, मापट्यात ते कुठपर्यंत येतं तिथे खूण केली, आणि तेवढंच खाणं सकाळी डब्यात काढून ठेवायला लागल्या. ब्रुनोला दिवसभरात तीन वेळा त्यातूनच मिळायचं. ज्याला लाड करायचे त्याने त्याच डब्यातले दाणे द्यायचे. डबा रिकामा, दिवस संपला. आजींच्या पहाऱ्यातून एक बिस्कीट जायची सोय राहिली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले तेव्हा वहीत आजींच्या नातवाच्या अक्षरात आठवड्यांची रांग लागली होती. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे आकडा जवळजवळ हललाच नव्हता, मग सावकाश वर गेला होता. कंबर दिसत होती, बरगड्या हाताला लागत होत्या. लंगडणं थांबलं होतं. ते केवळ वजनामुळे थांबलं, असा दावा मी करणार नाही. औषध होतं, विश्रांती होती आणि वाढतं वयही होतं. खुब्याचा एक्स-रे डॉक्टरांनी वाढ पूर्ण झाल्यावर पुन्हा काढायला सांगितलाय. पण ब्रुनो पायऱ्यांपाशी बसून राहत नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आपल्या कट्ट्याचं

थोडक्यात सांगायचं तर, मोठ्या जातीचं पिल्लू पहिलं दीड वर्ष सडपातळ ठेवणं ही त्याच्या सांध्यांसाठी आपल्याला करता येण्याजोगी सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची गोष्ट आहे. ऑपरेशनचा खर्च मोठा असतो. मापट्याला खर्च नाही. चार महिन्यांपर्यंत दिवसाचं खाणं तीन-चार वेळा विभागून, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. वाटी दिवसभर भरून ठेवायची नाही. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत. जर्मन शेफर्डच्या पिल्लाला याचा अर्थ साधारण चार-पाच ग्लुकोज बिस्किटं, तीही घरादारासकट सगळ्यांची मिळून. आणि कांदा घातलेली मेसची भाजी, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे तर मुळीच नाही. ही कुत्र्यांसाठी विषारी आहेत.

सरांशी मी बोलले आहे. पुढच्या सोमवारपासून वॉचमन काकांच्या टेबलावर एक छोटा डबा असेल. त्या दिवसाच्या खाण्यातले मोजलेले दाणे त्यात असतील, घरच्या वाटीतून वजा केलेले. ज्याला पिल्लाला खाऊ घालायचा मोह होईल त्याने त्या डब्यातले दोन दाणे घ्यावेत. डबा रिकामा असेल तर समजावं, आपल्या आधी कुणीतरी प्रेम करून गेलंय. मग कान खाजवा, चेंडू टाका, मैदानात घेऊन जा. त्याला तेवढंही पुरतं.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता व्यायामशाळेतल्या वजनयंत्रावर वजन. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. उचलायला एक हट्टाकट्टा स्वयंसेवक हवाय, कारण पिल्लू दर आठवड्याला जड होतंय आणि माझी थर्ड इयरची कंबर आता उत्तर देतेय. आलेख नोटीस बोर्डावर लागेल. इंटर्नलच्या मार्कांशेजारी निदान एक तरी आलेख असा असू दे, जो सावकाश चढला तर सगळ्यांना आनंद होईल.